उसनं विरजण

डीप फ्रीजरच्या दाराला जी रबरी पट्टी असते, तिच्या घडीत दोन प्रकारचा गाळ होता. बाहेरच्या अंगाचा खरबरीत, बोटाला वाळू लागावी असा. आतल्या अंगाचा मात्र पिठासारखा मऊ. मी नखाने दोन्ही थोडा थोडा खरवडून तळहातावर चोळून पाहिला. जाड कण पट्टीने बाहेरच अडवले होते. म्हणजे पाणी लोंढ्याने घुसलं नव्हतं. ते झिरपत, गाळून गाळून आत गेलं होतं, आणि तसं जायला त्याला भरपूर सवड मिळाली होती.

"उघडा की मॅडम," मागून आप्पा म्हणाले. "पूजा करत बसलाय व्हय त्याची?"

"आप्पा, आत पाणी गेलंय."

"उघडा तर खरं."

मी दार ओढलं. आधी वास आला, मग पाणी पायावर आलं. नळ्यांचे स्टँड आडवे झाले होते. काही नळ्यांची बुचं निघालेली, काहींची जागेवर असूनही फुगून वर आलेली. आत जे होतं ते पांढरं राहिलं नव्हतं.

आप्पा वाकून बघत राहिले. विश्वनाथ सदलगे हे त्यांचं पूर्ण नाव, पण सांगली-मिरजेच्या बाजारात त्यांना सगळे आप्पाच म्हणत. कृष्णेच्या काठची ही डेअरी त्यांनी एका भट्टीपासून वाढवली होती. गाळात उभं राहून त्यांनी बॉयलर पाहिला होता, बुडालेले कॉम्प्रेसर पाहिले होते, विजेचं पॅनेल उघडल्यावर त्यातून बाहेर पडलेला खेकडा पाहून ते हसलेही होते. आता ते हसले नाहीत.

"ह्यातलं एखादं जगलं असंल?"

"बघते. पण आशा नाही."

"बघा," ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा वर धरून बाहेर गेले.

त्या फ्रीजरमध्ये आमचं विरजण होतं. प्रयोगशाळेत मी त्याला कल्चर म्हणायचे, आप्पा विरजणच म्हणत. त्यांच्या आईच्या गाडग्यातून आलेलं, पुढे नीट वेगळं करून, निवडून, गोठवून ठेवलेलं. आमच्या चक्क्याला जी चव होती ती त्याची होती, आणि मिठाईवाले आमच्याकडे त्या चवीसाठीच येत. यंत्रं विकत मिळतात. बॉयलरचं विटकाम आठवड्यात होतं. हे कुठे मिळणार नव्हतं.

आमच्याकडे आपत्तीसाठीचा आराखडा होता. जनरेटर उंच ओट्यावर, कामगारांचे फोन कार्यालयाच्या भिंतीवर, दूध वळवायला शेजारच्या तालुक्यातलं शीतकेंद्र ठरवलेलं. मी स्वतः फ्रीजर मागच्या पुराच्या खुणेच्या वर चढवून घेतला होता. यंदाच्या पुराने जुनी खूण मानली नाही.

पण खरी चूक वेगळीच होती. पूर्वी ह्या विरजणाचे तीन भाग तीन ठिकाणी असत. एक डेअरीत, एक मिरजेला आप्पांच्या बहिणीच्या फ्रीजमध्ये, एक कोल्हापूरला माझ्या विद्यापीठातल्या बाईंकडे. भरतेश चौगुले नोकरी सोडून गेले आणि वर्षभरात त्यांनी स्वतःची डेअरी काढली, तेव्हा आप्पांनी ठरवलं की माणूस विरजण घेऊन गेला. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. आणि पुन्हा चोरी होऊ नये म्हणून मिरजेचा आणि कोल्हापूरचा भाग मागवून घेतला. तिन्ही एका छपराखाली, एका कुलपात ठेवले. मी एकदा म्हणाले होते की हे बरं नाही. एकदाच म्हणाले होते, आणि तेही हळू.

*

गणपती तीन-साडेतीन आठवड्यांवर आले होते. आप्पांचा मुलगा धैर्यशील विक्री बघायचा. तो दिवसभर फोनवर दुकानदारांना "देतो, देतो" म्हणत होता आणि फोन ठेवल्यावर आमच्याकडे बघत होता. सणाचा माल ज्याच्याकडून उचलला त्याच्याकडूनच दुकानदार वर्षभर उचलतो. हा सण गेला की डेअरी नुसती उभी राहून उपयोग नव्हता.

आधी आम्ही बाजारातलं पाकिटबंद कल्चर आणून बघितलं. चक्का आंबट झाला आणि साखर घातल्यावर पाणी सुटलं. मिरजेच्या बेळंके मिठाईवाल्यांनी वाटी तशीच परत पाठवली. निरोपही नाही.

त्या संध्याकाळी गाळ काढलेल्या कार्यालयात आम्ही तिघंच होतो. खुर्च्या भिजून फुगल्या होत्या, म्हणून दुधाच्या कॅनांवर बसलो होतो.

"एक भाग आहे की अजून," आप्पा म्हणाले.

धैर्यशीलने मान वर केली नाही. मला कळलं.

"चोरीचा माल चोराच्या घरी सुखरूप आहे," आप्पा म्हणाले. "त्याची डेअरी माळावर, तिथं पाणी गेलेलं न्हाई. मॅडम, तुम्ही जावा. तुम्हाला तो मानतो. म्हणावं, आमचं आम्हाला परत द्या."

"असंच म्हणू?"

"मग काय आरती ओवाळू?"

भरतेश चौगुले माझे पहिले साहेब. मी विद्यापीठातून नवी नवी आले तेव्हा उत्पादन तेच बघत. काचेची नळी कशी धरायची हे मला शिकवलं होतं बाईंनी, पण दूध कधी नासणार हे वासावरून ओळखायला शिकवलं सरांनी. त्यांच्यावर तक्रार झाली, त्यांना दिवसभर पोलिस ठाण्याच्या बाकावर बसवलं, त्यांच्या दह्याचा नमुना कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत गेला आणि तिथून उत्तर आलं की ह्यात दह्याचे जिवाणू आढळले. ह्यावर केस चालू राहिली. तालुक्यात त्यांना लग्नाच्या पंगतीतसुद्धा 'विरजणचोर' म्हणत. मी त्या काळात त्यांच्या बाजूने बोलले नाही आणि विरुद्धही बोलले नाही. मला माहीत नव्हतं, आणि मी ते माहीत करून घ्यायला गेले नव्हते.

धैर्यशीलने गाडी त्यांच्या फाटकाबाहेरच थांबवली. "मॅडम, तुम्हीच जावा. मी आलो तर उगंच विषय वाढंल."

डेअरी लहान होती, पण स्वच्छ. सर दुधाच्या वजनकाट्याजवळ उभे होते. मला बघून त्यांनी काहीच नवल दाखवलं नाही.

"ये मंजिरी. बघून ये, फरशी ओली आहे."

त्यांच्या बायकोने, त्रिशलावहिनींनी, मला ताक दिलं आणि त्या आमच्यातच बसल्या. दहा वर्षांचा संसार आणि पाच वर्षांची बदनामी दोघांनी मिळून केलेली होती. त्यांनी तिथून उठायचं काही कारण नव्हतं.

"काय काय गेलं?" सरांनी विचारलं.

"कॉम्प्रेसर, पॅनेल, बॉयलरचं विटकाम. टाक्या धुतल्या की चालतील."

"आणि फ्रीजर?"

मी मान हलवली.

"मिरजेचं आहे की. नाहीतर बाईंकडचं."

"ते आप्पांनी मागेच आणून आत ठेवलं होतं."

का आणलं होतं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"आप्पांनी पाठवलंय तुला?"

"हो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, थोडं विरजण मिळालं तर बघा."

"मंजिरी, बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. हे वाक्य त्यांचं नाही."

मी ताकाच्या भांड्यात बघत खरं वाक्य सांगितलं. त्रिशलावहिनी हसल्या. वाईट हसल्या नाहीत. एखाद्याने ठरलेल्या वेळी ठरलेलीच गोष्ट केली की हसतो, तशा.

"आमच्यात विरजण मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत," त्या म्हणाल्या. "मागताना कोण काय बोललं ते ज्याचं त्याच्यापाशी."

"देणार आहे की," सर म्हणाले. "चाळीस गावचं दूध रोज सकाळी निघतं. ते आप्पांच्या भांडणासाठी थांबत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "हे माझ्या आजोळचं आहे, शेडबाळचं. पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं. तुला सांगायची वेळच कधी आली नाही."

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"तू तपासशील ना?"

"मी सगळंच तपासते, सर."

"तपास," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. त्यांनी दुसरी कुठलीही अट घातली नाही.

मी उठले तेव्हा तेच पुढे म्हणाले, "आणि हे नेऊन लावणार कशात? बॉयलर कुठाय तुमचा? आमचं काम दुपारी संपतं. मग टाक्या रिकाम्याच असतात. तुमची माणसं घेऊन या."

*

असं आमचं काम सुरू झालं. दुपारी आमचे कामगार टेम्पोतून माळावर यायचे, सरांच्या टाक्यांत आमचं दूध तापायचं, सरांच्या विरजणाने लागायचं, आणि सरांच्याच शीतगृहात मलमलीच्या फडक्यांत चक्का टांगला जायचा. आमची माणसं त्यांच्या नळावर हात धुवायची. त्रिशलावहिनी सगळ्यांना चहा पाठवायच्या. साखर कमी आहे म्हणून आमचे लोक त्यावर कुरकुरायचे.

पहिल्याच आठवड्यात आमचा कल्लाप्पा फडकी बांधता बांधता म्हणाला, "सासरी पळवून नेलेली पोरगी माहेरच्यास्नी जेवाय वाढतीया बघा."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "पळवून नेली तरी नांदवली बरी हाय." पुन्हा हसले.

सर मागे उभे होते. कल्लाप्पाला ते दिसले आणि त्याचा हात थांबला.

"कल्लाप्पा," सर म्हणाले, "फडकी आधी गरम पाण्यातून काढ. मग बांध."

"होय साहेब."

ते निघून गेले. मी तिथेच होते, वजन टिपत होते. मी कल्लाप्पाला काही बोलू शकले असते. मी त्याची अधिकारी होते. मी वजन टिपलं.

माझी प्रयोगशाळा चिखलात होती, म्हणून सरांनी त्यांच्या प्रयोगशाळेतलं अर्धं टेबल आणि इनक्युबेटरमधला एक कप्पा मला दिला होता. तिथेच मी त्यांचं विरजण तपासायला घेतलं.

आमच्या विरजणाची मला नुसती तोंडओळख नव्हती, ते मला पाठ होतं. दर महिन्याला मी ते तपासत आले होते. त्यात एक जिवाणू असा होता की त्याला काचेच्या प्लेटमध्ये साखर घातलेल्या माध्यमावर वाढवलं की तो डिंकासारखा चकचकीत, तारेदार थर सोडायचा. काडीने उचलला तर तार ओढली जायची. आमच्या चक्क्यात साखर घातल्यावर पाणी सुटत नसे, ते ह्याच्यामुळे. तो नसता तर ते आमचं विरजणच नव्हतं.

सरांच्या विरजणाच्या प्लेटवर बारीक, कोरडे, निस्तेज ठिपके आले. काडी लावली, तार आली नाही.

एखादा गुण हरवू शकतो. जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात, एवढ्यावर कुणाला काही म्हणायचं नसतं. म्हणून मी पुन्हा लावलं. वेगळ्या माध्यमावर लावलं, वेगळ्या तापमानाला लावलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तो जिवाणू बदललेला नव्हता. तो तिथे नव्हताच. त्याच्या जागी दुसराच कोणी होता, लांब साखळीचा, जो मी आमच्या दुधात कधी पाहिला नव्हता. चक्का घट्ट धरून ठेवायचं काम तो वेगळ्या पद्धतीने करत होता. चवही जवळपास तीच देत होता. पण ही दोन घरं होती. एकातून दुसरं निघालेलं नव्हतं.

मी प्लेटा त्याच कप्प्यात परत ठेवल्या. इनक्युबेटर सरांचा होता. दार काचेचं होतं. ते रोज सकाळी त्यांची भांडी काढायला तो उघडत, आणि त्यांना प्लेट वाचता येत होती, मला शिकवण्याइतकी येत होती. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

मी धैर्यशीलला सांगितलं. तो माळाच्या कडेला दुधाच्या गाडीपाशी उभा होता.

"नक्की?"

"नक्की."

"आप्पांना सांगितलंसा?"

"अजून नाही."

त्याने पायाने खडी सरकवली. "मॅडम, मी खोटं बोला म्हणत नाही. पण सण होऊ द्या. आता हे बाहेर पडलं तर दुकानदार म्हणणार, सदलग्यांचा माल सदलग्यांचा नाही. नव्वद माणसं हाईत आपली. सण झाला की तुम्ही म्हणाल तसं."

ते खोटं नव्हतं. नव्वद माणसं होती. मी म्हणाले, "बरं."

*

पहिला मोठा माल निघायच्या दिवशी आप्पा स्वतः माळावर आले. पाच वर्षांत पहिल्यांदाच ते त्या फाटकातून आत येत होते. बेळंके मिठाईवाल्यांना त्यांनी बरोबर आणलं होतं. त्रिशलावहिनींनी खुर्ची दिली, त्यांनी ती घेतली, पण सरांकडे बघितलं नाही. जणू सर त्या डेअरीचे पहारेकरी होते.

चक्क्याची वाटी आली. आप्पांनी मधल्या बोटाने थोडा उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. आमचे कामगार काम थांबवून बघत होते. बेळंक्यांनीही चाखला.

"काय आप्पा?" बेळंके म्हणाले. "मला तर बरोबर वाटतोय."

आप्पांनी डोळे उघडले. थोडा वेळ ते वाटीतच बघत राहिले. मग खुर्चीत मागे टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपलंच. जाईल कुठं? रक्ताची ओळख लपत न्हाई."

कल्लाप्पाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

सर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी आप्पांकडे पाहिलं नाही, बेळंक्यांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परीक्षेत एखाद्या हुशार मुलीला सोपा प्रश्न घालून मास्तर थांबतात, तसं. माझ्या ॲप्रनच्या खिशाला एक टाका निघाला होता. मी तो बोटाने उसवत राहिले. मी मान वर केली तेव्हा ते तिथे नव्हते.

माल गेला. सणभर जात राहिला. बेळंक्यांनी दुप्पट मागवला. कुणालाही काही कळलं नाही, आणि मला वाटतं, तेच मला सगळ्यात जास्त टोचत होतं. आम्ही ज्या विरजणावर जगत होतो त्याला आम्ही आमचं म्हणत होतो, आणि ज्याचं होतं त्याला चोर म्हणत होतो, आणि दोन्ही त्याच्याच छपराखाली उभं राहून.

*

विसर्जन झालं. आमचं पॅनेल बसलं, बॉयलर पेटला. कोर्टाची तारीख पुढच्या सोमवारी होती. मी धैर्यशीलची वाट न बघता आप्पांच्या घरी गेले.

ते घराच्या पुढच्या सोप्यावर बसून पायाला तेल लावत होते. पुराच्या गाळाने त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगायला लागले: साखरेचं माध्यम, तार न येणं, लांब साखळीचा तो दुसरा जिवाणू. मी अर्ध्यावर आले असेन, तेव्हा ते म्हणाले, "कळलं मला पहिल्याच बोटाला."

"काय?"

"आईच्या हातचं विरजण साठ वर्षं खाल्लंय मी. ते जिभेवर मागं येतं, हे पुढं येतं. मला कळायला तुमची काचेची ताटली लागत न्हाई."

"मग त्या दिवशी—"

"बेळंके समोर. माणसं समोर. तो दारात. काय म्हणायला पाहिजे होतं मी? ज्याला चोर म्हणलं त्याच्या विरजणावर उभा हाय, म्हणू?" त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. मला पहिल्यांदाच त्यांचं वय दिसलं. "मॅडम, माणसाला एकदा एक वाटलं की वाटलं. तो गेला तेव्हा मला न सांगता गेला. बारा वर्षं पोरासारखा होता. मला वाटलं, रिकाम्या हातानं कसा जाईल?"

त्यांना तेव्हा जे वाटत होतं ते बघायला मी तिथे नसायला हवं होतं, असं मला वाटलं.

"सोमवारी तारीख आहे, आप्पा."

"मागं घेतो केस. झालं?"

"झालं," मी म्हणाले.

घरी जाताना मी हलकी होते. मला वाटलं, ज्याचं त्याने मिटवलं, मला काही बोलावं लागलं नाही. इतक्या वर्षांनी आता त्या हलकेपणाचीच लाज वाटते. बाकीच्या गप्पपणाला निदान कारण तरी होतं.

*

डेअरी पुन्हा सुरू होणार म्हणून आदल्या रविवारी बॉयलरची पूजा होती. आवारात मांडव घातला होता. दूध घालणारे, कामगार, त्यांच्या घरच्या बायका, बेळंके आणि आणखी काही दुकानदार. आप्पांनी सरांना आणि त्रिशलावहिनींना मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मला ते पाहून बरं वाटलं.

आरती झाली. आप्पा उठून उभे राहिले. त्यांनी पुराचं सांगितलं, कामगारांचं कौतुक केलं, धैर्यशीलचं केलं. मग म्हणाले, "आणि भरतेश चौगुले. माणूस आहे, माणसाच्या हातून चूक होते. पाच वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. पण अडचणीच्या वेळी त्यानं दार उघडलं, हे मी विसरणार न्हाई. त्याची जाण ठेवून मी आज सगळ्यांसमोर सांगतो, मी त्याला माफ केलंय. केस मी मागं घेतोय."

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. मागच्या बायकांतली एकजण दुसरीला म्हणाली, "मन मोठं लागतं बाई त्याला." धैर्यशील शाल आणि नारळ घेऊन पुढे आला.

सर उठले. शाल घ्यायला उठले असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी हात पुढे केले नाहीत.

"आप्पा, शाल राहू द्या," ते म्हणाले. "माफ करायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं."

टाळ्या थांबल्या.

"आता कशाला उकरतोस, भरतेश?" आप्पा हळूच म्हणाले. "चांगल्या दिवशी."

"मी उकरत नाही. शेडबाळचं विरजण आहे ते. पाच वर्षं एवढंच म्हणतोय."

"घ्या की साहेब," कल्लाप्पा मागून म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्याला खरंच सगळं गोड व्हायला हवं होतं. "आप्पांनी एवढं मन मोठं केलंय. झालं गेलं सोडा."

"सोडा, सोडा," आणखी चार जण म्हणाले.

शाल धैर्यशीलच्या हातावरच होती. सरांनी मान खाली घातली. मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या लेखी आता ते माफ केलेले चोर होते, आणि वर उपकार न मानणारे. केस राहिली असती तर निदान निकालाची आशा असती. आता तीही गेली होती. ह्यापुढे कुणी काही तपासणार नव्हतं.

त्रिशलावहिनी वळून माझ्याकडे बघत होत्या. सर बघत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघायचं कधीच सोडून दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी उठले. धैर्यशील जवळच होता. "मॅडम," तो ओठातल्या ओठात म्हणाला, "नको. मागं घेतलीया की केस."

मी बोलले. पण माझा आवाज मुळातच लहान, आणि मांडव मोठा. मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हणत्यात मॅडम? ऐकाय येईना."

आप्पा माझ्याकडे बघत होते. बसा, असं ते हाताने खुणावत होते. मग त्यांचा हात तसाच खाली आला.

मी पुढे गेले, जिथून शेवटच्या रांगेलाही दिसेन अशी उभी राहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, "चौगुले सरांनी आपलं विरजण नेलेलं नाही. आपलं विरजण पुरात मेलं. सणभर आपण जे विकलं ते त्यांचं होतं. मी तपासलंय. त्यांच्याच टेबलावर तपासलंय, आणि महिनाभर गप्प बसलेय. आप्पांनाही माहीत आहे. केस मागे घेऊन हे मिटणार नाही, आप्पा. उद्या मी कोर्टात येणार आहे, आणि तिथे हेच सांगणार आहे."